गेटसमोरचा रस्ता: मोर्चा काढायचा की एमबी मागायची?

बी 402 जोशी काकू: पालिकेच्या ॲपवरची माझी रस्त्याची तक्रार "निराकरण झाले" म्हणून बंद केलीय. सोबत फोटो टाकलाय तो आपल्या रस्त्याचा नाहीच! फोटोत नारळाचं झाड आहे. आपल्याकडे कुठे आलाय नारळ?

ए 103 शिंदे: माझी पण बंद केली. मेच्या शेवटी केलेला रस्ता आणि जुलैत खडी वर. काल गाडी घसरता घसरता वाचली.

सी 601 मुजावर: सगळे मिळून वॉर्ड ऑफिसवर जाऊ या. नगरसेवकांनाही बोलवू.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर राजकारण नको 🙏

ए 302 देशपांडे काका: वॉर्ड ऑफिसात चहा मिळेल आणि आश्वासन मिळेल. माझी नोकरी बांधकाम खात्यात झाली म्हणून सांगतो. तक्रारीवर कोणी टिक मारली की ती संपते. पैसे मात्र टिकेवर निघत नाहीत, एमबीवर निघतात. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी लिहितो, वरचा अभियंता तपासून सही करतो आणि मगच ठेकेदाराचं बिल निघतं. आपल्या रस्त्यावर डांबराचा थर किती मिलिमीटर टाकला म्हणून पैसे घेतले, ते तिथे सहीनिशी आहे. लांबी-रुंदी आपण टेपने मोजू. जाडी तर खड्ड्याच्या कडेलाच दिसतेय, खोदायचाही खर्च नाही.

ए 103 शिंदे: काका 🔥

ए 302 देशपांडे काका: माहिती अधिकारात एवढंच मागा. कार्यादेश, एस्टिमेट, एमबीची पानं, दिलेली बिलं, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. त्याच खड्ड्यांसाठी नवीन टेंडर निघालं तर आपण दोनदा पैसे मोजले.

डी 205 सायली: काका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे हे न मागताच वेबसाइटवर असायला हवं ना? कायदा 2005 चा आहे. मी आत्ता बघितलं. बजेट टाकलंय, पण कागद स्कॅन करून पीडीएफ केलंय. "रस्ते" शोधलं तर एकही शब्द सापडत नाही. एक्सेल दिलं असतं तर पाच मिनिटांत प्रभागवार बेरीज करून दिली असती. पानं उलटत गेले तर काम सापडलं: "प्रभागातील विविध ठिकाणी रस्ते डांबरीकरण करणे." विविध ठिकाणी म्हणजे कुठे??

ए 302 देशपांडे काका: "विविध ठिकाणी" हा पालिकेतला फार जुना पत्ता आहे.

सी 101 पाटील (बाल्टिमोर): मंडळी, लांबून, अमेरिकेतून बोलतोय पण राहवत नाही. आमच्या या शहरात मार्टिन ओ'मॅली 1999 मध्ये महापौर म्हणून निवडून आले आणि त्यांनी सिटीस्टॅट सुरू केलं. दर दोन आठवड्यांनी खातेप्रमुखाने आकडे घेऊन महापौरांच्या माणसांसमोर उभं राहायचं. तक्रारी किती, बुजवलेले खड्डे किती, ओव्हरटाइम किती, गैरहजर किती. तक्रार आल्यापासून 48 तासांत खड्डा बुजवायची हमी दिली होती.

बी 402 जोशी काकू: पुढे काय झालं त्यांचं? बदली?

सी 101 पाटील (बाल्टिमोर): गव्हर्नर झाले, मेरीलँडचे 😀

सी 601 मुजावर: तिकडे विचारणारा महापौर तरी होता. आपल्याकडे 2022 नंतर कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा प्रशासकाचा कारभार. विचारणार कोण?

डी 205 सायली: मुंबईत प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था विचारते. माहिती अधिकारात नागरी तक्रारींचे आकडे मागवून अहवाल काढतात, नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढतात. पण त्यांनाही आकडे अर्ज करूनच मिळवावे लागतात, हेच मला खटकतं.

बी 402 जोशी काकू: ते ठीक. अर्ज कोणाच्या नावाने टाकायचा? आमच्या बाल्कनीचं ग्रील बाहेर काढलंय. उद्या नोटीस आली तर?

ए 302 देशपांडे काका: माझ्या नावाने टाकतो. माझं ग्रील आत आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर नको, हक्क नागरिकाचा आहे, उगाच त्यावरून फाटे फोडतील. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. शिंदे, तू परवा पाठवलेला दोन पानी मसुदा चालणार नाही. "पालिकेला लाज आहे का" ही माहिती कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

ए 103 शिंदे: 😅 बरं.

ए 302 देशपांडे काका: त्याआधी सोमवारी जाऊन फाईलच बघता येते का ते फोन करून विचारा. पुण्यात 2009 पासून सोमवारी दुपारी फायली नागरिकांना खुल्या ठेवायची पद्धत पडली. 2018 मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून महापालिकांनाही दर सोमवारी 3 ते 5 तसं करायला सांगितलं. समोर बसून फाईल चाळली की काय मागायचं ते नेमकं कळतं. नाहीतर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येतं आणि महिना जातो. आणखी एक, कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. म्हणजे डांबरसुद्धा मागता येतं.

सी 601 मुजावर: पटलं. मोर्चा रद्द. आता एक विचारतो, रागावू नका. आपल्या टँकरची बिलं ग्रुपवर का येत नाहीत?

सेक्रेटरी: ऑडिट झालेलं आहे. 30 सप्टेंबरच्या आत एजीएम आहे, तिथे मांडू. हा विषय वेगळा आहे.

बी 402 जोशी काकू: वेगळा कसा? तिकडे "विविध ठिकाणी", आपल्या ताळेबंदात "इतर खर्च".

डी 205 सायली: सर, सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाला संस्थेचे ठरावीक कागद बघता येतात. एजीएमपर्यंत थांबायची गरज नाही.

सेक्रेटरी: मी विनामोबदला काम करतो हे लक्षात ठेवावे.

ए 302 देशपांडे काका: ते सगळ्यांना माहीत आहे, तुमच्यावर संशय कोणाचाच नाही. पण बिलं टाका.

सेक्रेटरी: रविवारी 11 ते 1 रजिस्टर ऑफिसात ठेवतो. फोटो काढायचे तर काढा. एक्सेल सायलीने करावं, मला जमत नाही.

डी 205 सायली: करते. तारीख, टँकर नंबर, लिटर, रक्कम, एवढेच कॉलम 👍

ए 302 देशपांडे काका: शिंदे, उद्या सकाळी 7 ला गेटवर. टेप 30 मीटरची आण, शिंप्याची नको.