ट्रॅव्हर्स सौर प्रकल्प: अल्बर्टाने मंजुऱ्या रोखल्या, ते बरोबर होतं का?

दूरदिवा:
कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, व्हल्कन काउंटीत, 465 मेगावॉटचा ट्रॅव्हर्स प्रकल्प 2022 पासून वीज देतोय. सुमारे 13 लाख पॅनेल, 3,300 एकर जमीन. बर्फाच्या मुलखात सौर वीज कशाला, असं अजूनही विचारलं जातं. पण थंडीत पॅनेल उलट चांगलं चालतं, तापलं की उत्पादन घटतं. शिवाय इथली पॅनेल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेतात, त्यामुळे बर्फावरून परतलेला उजेडही कामी येतो.

असं असताना ऑगस्ट 2023 मध्ये प्रांत सरकारने नव्या सौर-पवन प्रकल्पांच्या मंजुऱ्या सात महिने रोखून धरल्या. मग नियम आले: अव्वल प्रतीच्या शेतजमिनीवर प्रकल्प हवा असेल तर सोबत पीक किंवा जनावरं चालतील हे दाखवा, आणि पुढे जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाची हमी द्या. माझ्या मते ही अडवणूक अन्यायाची होती. त्याच प्रांतात मालक दिवाळखोर झालेल्या हजारो तेलविहिरी बुजवायच्या राहिल्यात, आणि तेल-वायूला मात्र ही बंदी लागू नव्हती.

काळीमाती:
तेलविहिरींचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे वेळेवर पुरेशी अनामत घेतली नाही, म्हणून तर आज ती घाण निस्तरायची वेळ आली. तीच चूक पॅनेलच्या बाबतीत पुन्हा का करायची? कंपनी बुडाली तर 13 लाख पॅनेल उचलणार कोण? चांगली जमीन पुन्हा तयार करता येत नाही. सरकारने आधी विचार केला, यात मला काही गैर दिसत नाही.

दूरदिवा:
हमी जरूर घ्या, पण त्यासाठी मंजुऱ्या थांबवायची गरज नव्हती. आणि शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचं तर पूर्ण बोला. अल्बर्टात जमिनीखालचे खनिजहक्क बहुधा जमीनमालकाचे नसतात, त्यामुळे तेल कंपनीला तो कायमचा अडवू शकत नाही. सौर प्रकल्प त्याच्या संमतीनेच येतो. दुष्काळी वर्षातही ठरलेलं भाडं मिळतं, पॅनेलखाली मेंढ्या चरू शकतात. हा सौदा करायचा की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.

थंडीवारा:
जमिनीचं मिटेल हो, रात्रीचं काय? 13 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत लोकांच्या मोबाइलवर इशारा आला: वीज कमी वापरा. सूर्य मावळलेला, वारा जवळजवळ पडलेला. त्या घडीला ट्रॅव्हर्सचं उत्पादन शून्य. लोकांनी काही मिनिटांत सुमारे 200 मेगावॉट मागणी खाली आणली म्हणून निभावलं.

तारजोड:
त्याच दिवशी वायूवरची दोन केंद्रंही बंद होती. म्हणून वायू कुचकामी, असं कुणी म्हणत नाही ना? शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाकडे धरणं आहेत. दिवसा इकडची सौर वीज तिकडे गेली की तिथलं पाणी साठून राहतं आणि संध्याकाळी तेच वीज देतं. दोन प्रांतांना जोडणारी वाहिनी आहेच, ती भक्कम करा.

थंडीवारा:
त्याच थंडीत शेजाऱ्यांनाही वीज हवी असते. नवी वाहिनी उभारायला वर्षं लागतात आणि खर्च ग्राहकाच्या बिलात येतो. तोवर जानेवारीच्या संध्याकाळी वायूची केंद्रं लागणारच. ती वर्षभर सज्ज ठेवण्याचा खर्च तुमच्या हिशेबात धरा, मग सौर वीज स्वस्त की महाग यावर बोलू.