मदत हवी आहे: धुतलेल्या कपड्यांवर वितळलेल्या क्रेयॉनचे डाग

मुलीच्या खिशात राहिलेला लाल क्रेयॉन ड्रायरमध्ये वितळला आणि सगळ्या कपड्यांना लागला. पांढऱ्या सुती फ्रॉकची तर पार रयाच गेली. वरचं मेण बोथट सुरीने खरवडलं, मग टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली. मेण बरंचसं कागदात उतरलं, पण रंग धाग्यांत मुरलाय, शिवणीपाशी जास्तच गडद. भांड्यांच्या लिक्विडने जरा फिकट झाला, तेवढंच. आता गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून भिजवू, की आधी स्पिरिट लावून बघू? रंगीत कपड्यांचा मूळ रंग उडायची भीती वाटते. डाग जाईपर्यंत ड्रायर बंदच ठेवलाय, नाहीतर उष्णतेने ते आणखी पक्के होतील. ड्रमच्या आतले मेणाचे ओघळ कशाने पुसायचे? फ्रॉक आईने हाताने शिवलाय, टाकवत नाही. कुणी असे डाग काढले असतील तर प्लीज सांगा.