क्षेपणास्त्रवाहू विनाशिका : समास, वर्ग आणि लिंग

प्रश्न : एक दीर्घकथा लिहिते आहे. तीन काल्पनिक मित्रदेश मिळून एका युद्धनौकेचा आराखडा ठरवतात आणि त्यावरून प्रत्येक देश आपापल्या नौदलासाठी नौका बांधून घेतो. पहिल्या नौकेचं नाव 'अगस्ती'. इंग्रजीत ज्यांना गायडेड मिसाइल डिस्ट्रॉयर म्हणतात, त्या या नौका. मी 'अगस्ती श्रेणीतील मार्गदर्शक क्षेपणास्त्र विनाशिका' असं लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. काय बदलावं?

उत्तर : सगळ्यात आधी 'क्षेपणास्त्र विनाशिका' बदला. असा समास मराठी वाचक आपसूक षष्ठीने सोडवतो. शत्रुनाशक म्हणजे शत्रूचा नाश करणारा, तशी क्षेपणास्त्रविनाशिका म्हणजे क्षेपणास्त्रांचा विनाश करणारी. त्यात चालून येणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणं हे या नौकांचं खरोखरच मोठं काम असतं, त्यामुळे चुकीचा अर्थही पटून जातो. मग कथेत तीच नौका पाणबुडीच्या मागे लागली की वाचक गोंधळतो.

मूळ इंग्रजी नावात मात्र षष्ठीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, वेगवान बोटींनी मोठ्या युद्धनौकांना धास्ती घातली. त्या बोटींचा बंदोबस्त करायला जी नौका आली ती टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर. ब्रिटिश नौदलाची 'हॅव्हॉक' 1893 साली पाण्यात उतरली, ती या जातीच्या पहिल्या नौकांपैकी. पुढे नावातला अर्धा भाग गळला आणि नुसतं डिस्ट्रॉयर उरलं. इटालियन नौदलाने मात्र तो जपला आहे. त्यांचा आजचा शब्दही 'काच्चातोर्पेदिनिएरे', म्हणजे टॉर्पेडो बोटींची शिकार करणारी. नंतर डिस्ट्रॉयरच्या मागे गायडेड मिसाइल हे शब्द लागले ते 'कशाचा नाश' हे सांगायला नव्हे, 'कोणत्या शस्त्राने सज्ज' हे सांगायला. मराठीत तो संबंध दाखवणारं पद घालावंच लागतं, आणि ते आपल्याकडे तयार आहे. 'विमानवाहू नौका' कधीची रुळली आहे, तशीच क्षेपणास्त्रवाहू विनाशिका.

'मार्गदर्शक' तर नकोच. मार्गदर्शक म्हणजे वाट दाखवणारा. ज्याला वाट दाखवली जाते ते मार्गदर्शित. पण कथेत मी तेही घालणार नाही. आजच्या मराठीत क्षेपणास्त्र म्हटलं की ते लक्ष्याकडे नेलं जाणारं असतं हे गृहीतच असतं. नुसतं झेपावणारं असेल तर आपण अग्निबाण किंवा रॉकेट म्हणतो.

प्रश्न : आणि 'श्रेणी'? वृत्तपत्रांत 'विशाखापट्टणम श्रेणीतील विनाशिका' असं सर्रास वाचतो.

उत्तर : वाचतो, आणि 'वर्ग'ही वाचतो. हिंदीत श्रेणी पक्की आहे. मराठीत श्रेणी म्हटलं की मनात पायरी येते : प्रथम श्रेणी, वेतनश्रेणी. एका आराखड्याच्या नौकांमध्ये वरची-खालची असा भाव नसतो, त्या बहिणी-बहिणी असतात. म्हणून माझं मत ठामपणे 'वर्ग'च्या बाजूने आहे. वर्गाला बहुतेक वेळा पहिल्या नौकेचं नाव मिळतं, तेव्हा 'अगस्ती वर्ग' बरोबर.

मात्र तुमच्या कथेतल्या तिन्ही देशांनी 'अगस्ती वर्ग'च म्हणावं असं नाही, आणि याचा कथेला फार उपयोग होईल. अमेरिकेच्या चार्ल्स एफ. ॲडम्स वर्गाचं उदाहरण बघा. त्या आराखड्यावर अमेरिकेसाठी 23, ऑस्ट्रेलियासाठी 3 आणि पश्चिम जर्मनीसाठी 3 नौका झाल्या, सगळ्या अमेरिकेतच बांधलेल्या. ऑस्ट्रेलियाने आपल्या तिघींना पर्थ वर्ग म्हटलं, जर्मनांनी ल्युट्येन्स वर्ग. ऑस्ट्रेलियाने तर पाणबुडीविरोधी शस्त्रही स्वतःचं बसवलं, 'इकारा' नावाचं. सांगाडा एक, नावं तीन.

कधी कधी तर नौकेच्या प्रकाराचं नावच बदलतं. फ्रान्स आणि इटलीने मिळून होरायझन प्रकल्पातून प्रत्येकी दोन नौका घेतल्या. ब्रिटनही आधी त्यात होता, 1999 साली बाहेर पडला. फ्रेंच नौदल आपल्या दोघींना फ्रिगेट (सहसा विनाशिकेहून लहान युद्धनौकेचं नाव) म्हणतं, इटालियन नौदल वर सांगितलेल्या शब्दाने डिस्ट्रॉयर म्हणतं. जपानी नौदलाच्या 'कोंगो' वर्गाला बाकीचे डिस्ट्रॉयर म्हणतात, जपानी भाषेत त्या 'गोएइकान', म्हणजे संरक्षक नौका. तेव्हा एका देशाचा अधिकारी 'आमची विनाशिका' म्हणेल आणि दुसऱ्या देशाचा त्याच घडणीच्या नौकेला 'आमची फ्रिगेट' म्हणेल. हा संवाद कथेत जरूर आणा.

'संयुक्त' आणि 'सामाईक' यांतही फरक ठेवा. आराखडा सामाईक असतो; ताफा संयुक्त तेव्हाच, जेव्हा तो एका हुकमाखाली एकत्र निघतो. आणि 'मित्रदेश' हाच शब्द राहू द्या. 'दोस्त राष्ट्रे' म्हटलं की वाचक थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोचेल.

प्रश्न : 'अगस्ती' पुल्लिंगी. मग 'अगस्ती निघाला' की 'निघाली'?

उत्तर : निघाली. इथे क्रियापद मनातल्या 'नौका' या शब्दाप्रमाणे चालतं, म्हणून 'विक्रांत दाखल झाली'. ऋषी आणि नौका एकाच परिच्छेदात आले तर नौकेचं नाव अवतरणात ठेवा. 'विनाशिका'चं अनेकवचनही विनाशिकाच, पत्रिका-मालिकांसारखं. एक की अनेक ते क्रियापदावरूनच कळणार.

अजून एक गोष्ट, कारण बऱ्याच कथांत ती चुकलेली दिसते. जलावतरण झालं म्हणजे नौका लढायला तयार झाली असं नाही. तेव्हा फक्त सांगाडा पाण्यात उतरतो. पुढे यंत्रणा बसतात, समुद्रातल्या चाचण्या होतात आणि मग ती नौदलात दाखल होते. 'आयएनएस विशाखापट्टणम'चं जलावतरण 2015 साली झालं आणि ती दाखल झाली 2021 साली. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात जलावतरण असेल आणि तिसऱ्यात लढाई, तर मधली वर्षं कुठेतरी जाऊ द्या.