मदत हवी आहे: हॉस्पिटल लांब असताना घरी पोटाचं डायलिसिस कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

वडिलांना (वय ६७, मधुमेह आहे) आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस लागतं. सेंटर गावापासून ७० किलोमीटरवर. मशीनवर ४ तासच, पण पहाटे ५ ला निघालं तरी घरी यायला दिवस मावळतो. दुसरा दिवस त्यांचा नुसता पडून जातो.

मागच्या महिन्यात पुरानं रस्ता बंद झाला आणि सोमवारची पाळी चुकली. शुक्रवारनंतर थेट बुधवारी पोचलो. साडेपाच किलो वजन वाढलं होतं, सगळं साचलेलं पाणी. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून आईनं उशा लावून त्यांना रात्रभर बसतं ठेवलं आणि स्वतः त्यांच्या हातावरच्या फिस्ट्युलावर (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) तळवा ठेवून बसली. तिथली थरथर हाताला लागली की तिला धीर येतो. रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबू शकलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आता त्यांनीच पोटाच्या डायलिसिसचं (सीएपीडी) सुचवलंय. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. त्यातून पिशवीतलं २ लिटर औषधी पाणी आत सोडायचं, ४ ते ६ तास ठेवायचं, मग काढून नवं भरायचं. पोटाच्या आतलं अस्तरच गाळणीचं काम करतं. दिवसातून ४ वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. वीज लागत नाही. हे ऐकून फार हायसं वाटलं.

पण जंतुसंसर्गाची भीती जात नाही. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखायला लागलं तर लगेच उपचार सुरू करावे लागतात, आणि मग पुन्हा तेच ७० किलोमीटर. असं कुणाच्या घरी झालं असेल तर काय केलंत? अँटिबायोटिकचा पहिला डोस जवळच्या छोट्या दवाखान्यात देता येईल, अशी काही सोय तुमच्या डॉक्टरांनी आधीच करून दिली होती का?

दुसरं म्हणजे, आमच्याकडे वेगळी खोली नाही. पंखा बंद, दार लावून, मास्क घालून एका कोपऱ्यात पिशवी बदलली तर चालतं का? महिन्याला १२० पिशव्या उन्हापासून जपून कुठे ठेवता? पिशव्या आईच बदलणार आहे. तिला जवळचं जरा कमी दिसतं, नळी जोडताना चूक होईल अशी तिला धास्ती आहे. त्या पाण्यात साखर असते म्हणतात, तर इन्सुलिन कितपत वाढवावं लागलं?

गाव सोडायला वडील तयार नाहीत, त्यामुळे कृपया सेंटरजवळ राहायला जा असं सुचवू नका. नळी बसवायची की नाही हे सोमवारी कळवायचंय. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर आईला वाचून दाखवीन.