लॅरी एल्डरचे ते ४८ टक्के

कोरडे_पाषाण
तिरकस यांनी काल दुसऱ्या चर्चेत ठोकून दिलं की २०२१च्या कॅलिफोर्निया रिकॉलमध्ये (राज्यपालाला मुदतीआधीच काढायचं का, यावरचं मतदान) रेडिओवाला रिपब्लिकन लॅरी एल्डर खरं तर जिंकलाच होता. त्याला ४८ टक्के, दुसऱ्या नंबरवाला १० टक्क्यांच्याही खाली, तरी डेमोक्रॅट राज्यपाल न्यूसम खुर्चीत. म्हणजे मतपत्रिकेतच खोट, आणि उरलेलं काम मीडियाने केलं. तिथे दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण हे ४८ टक्के जिथे तिथे फेकले जातात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मतपत्रिकेवर प्रश्न दोन. पहिला, न्यूसमला काढायचं का? दुसरा, काढलाच तर जागेवर कोण? त्याखाली ४६ नावं. दुसऱ्या यादीत न्यूसमचं नाव असूच शकत नाही, कायदाच तसा आहे. पहिल्यात ‘नाही’ला ७९ लाख ४४ हजार, ‘हो’ला ४८ लाख ९४ हजार. इथेच खेळ खलास, दुसऱ्याची मोजणी निव्वळ उपचार.

तर त्या उपचारात एल्डरला ३५ लाख ६४ हजार मतं पडली. पण डेमोक्रॅट्सचा प्रचार असा होता की ‘नाही’वर खूण करा आणि दुसरा प्रश्न कोरा सोडा. जवळजवळ ५५ लाख लोकांनी तो कोरा सोडला. तुमचे ४८ टक्के हे उरलेल्या ७३-७४ लाखांतले आहेत. एकूण मतदान केलेल्यांत ते जेमतेम २८ भरतात. आणखी एक: एल्डरला मत देणारा झाडून सगळा माणूस ‘हो’वाला होता असं धरलं, तरी ‘हो’ म्हणणाऱ्या १३ लाखांहून जास्त लोकांनी त्याला निवडलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. रेडिओने त्याला ४६ जणांत पहिला आणला आणि रेडिओच्याच सवयीने पहिला प्रश्न घालवला. रोज मायक्रोफोनसमोर बसणाऱ्याला आपल्या श्रोत्यांचं रक्त सळसळेल असं बोलायची सवय असते. किमान वेतन किती असावं, तर आदर्श म्हणजे शून्य डॉलर. आणि हे राज्यात १४ डॉलर चालू असताना. मग मार्क लेविनच्या रेडिओ कार्यक्रमात जाऊन सांगितलं की राज्याच्या डेमोक्रॅट सिनेटर डायान फाइनस्टाइनची जागा रिकामी झाली तर मी रिपब्लिकन नेमणार. बाई तेव्हा ८८ वर्षांच्या, सिनेट ५०-५०. त्या दिवसापर्यंत झोपलेला डेमोक्रॅट मतदार त्याने स्वतः हलवून उठवला. न्यूसमला वेगळी जाहिरात करायची गरजच उरली नाही.

तिरकस
वा, माझ्या दोन ओळींसाठी एवढा निबंध! धन्य झालो.

आता हे वाचा. २०१८च्या नियमित निवडणुकीत न्यूसम ६१.९ टक्के, रिपब्लिकन जॉन कॉक्स ३८.१. २०२१च्या रिकॉलमध्ये ‘नाही’ ६१.९, ‘हो’ ३८.१. कॉक्स रेडिओवर नव्हता, शून्य वेतन म्हणाला नव्हता, फाइनस्टाइनबाईंचं नावही त्याने घेतलं नव्हतं. मग रेडिओने काय घालवलं? जिथे नोंदणीकृत डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या जवळपास दुप्पट आहेत तिथे साक्षात ब्रह्मदेव उभा केलात तरी ३८च.

आणि मीडियाचं म्हणाल तर कृष्णवर्णीय एल्डरला ‘गोऱ्या वर्चस्ववादाचा काळा चेहरा’ म्हणणारं शीर्षक लॉस एंजेलिस टाइम्समध्येच छापून आलं ना? लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात गोरिलाचा मुखवटा घातलेल्या बाईने त्याच्यावर अंडं फेकलं, ते उलट्या पक्षाच्या उमेदवाराबाबत झालं असतं तर आठवडाभर चॅनेलांवर चर्वण चाललं असतं. वर पैसा. पर्यायी उमेदवाराला एका देणगीदाराकडून ३२,४०० डॉलरच्या वर घेता येत नव्हतं, न्यूसमला मर्यादाच नव्हती. एकट्या नेटफ्लिक्सवाल्या रीड हेस्टिंग्सने ३० लाख डॉलर दिले. याला मैदान म्हणायचं?

बाब्या
एक मिनिट. काल तो जिंकला होता, आज ब्रह्मदेवही जिंकला नसता. नक्की ठरवा, आम्ही तोवर चहा टाकतो.

सॅक्रामेंटोकर
तिरकस, ३२,४००चा आकडा बरोबर, पण अर्धवट सांगताय. ती मर्यादा पर्यायी उमेदवाराच्या स्वतःच्या समितीला. रिकॉलच्या बाजूने किंवा विरुद्ध काढलेल्या समित्यांना मर्यादा नाही, दोन्हीकडच्या. ‘हो’वाल्यांना मोठा देणगीदार सापडला नाही, हा कायद्याचा दोष नव्हे.

आणि पुढचं येणारच आहे म्हणून आधीच सांगतो: “त्याला यादीतून काढलं होतं.” हो, काढलं होतं. अर्जासोबत ६५ ते १०० सूचकांच्या सह्या, ४,१९४ डॉलर ९४ सेंट फी (नाहीतर त्याऐवजी ७,००० सह्या), आणि पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली होती. विवरणपत्रांच्या प्रती दोन. एक जशीच्या तशी, दुसरी सोशल सिक्युरिटी नंबर, घरचा पत्ता वगैरे काळं करून. लोकांसमोर जाते ती दुसरी. चुका इथेच होतात. एका प्रतीत झाकलेलं दुसऱ्या प्रतीशी पानागणिक जुळावं लागतं, आणि जे झाकायला परवानगी नाही ते झाकलं तर अर्ज अपुरा. राज्य सचिव शर्ली वेबर यांच्या कार्यालयाने अपुरा ठरवला. एल्डर कोर्टात गेला आणि २१ जुलैला न्यायाधीश लॉरी अर्ल यांनी निकाल दिला की विवरणपत्रांची अट प्रायमरीसाठी (मुख्य निवडणुकीआधीच्या फेरीसाठी) आहे, रिकॉल ही प्रायमरी नव्हे. त्याच दिवशी नाव यादीत. म्हणजे यंत्रणेने त्याला अडवलं आणि यंत्रणेनेच आत घेतलं. उलट न्यूसमच्या माणसांनी वेळेत कागद भरला नाही म्हणून त्याच्या नावापुढे ‘डेमोक्रॅट’ छापलं गेलं नाही, तो कोर्टात गेला आणि हरला. त्याबद्दल कुणी गळा काढत नाही.

मध्यमलहरी
पाषाण, हिशोब चोख, पण रेडिओचं तुम्ही गुळमुळीत ठेवलंय. रेडिओने फायदा झाला म्हणता, पण उमेदवार झाल्यावर एल्डरला स्वतःचा कार्यक्रम सोडावा लागला. बोलायला बंदी नव्हती, स्टेशनला परवडलं नसतं. कम्युनिकेशन्स कायद्याचं कलम ३१५. परवान्यावर चालणाऱ्या स्टेशनवर उमेदवाराचा आवाज ओळखू आला की तो ‘वापर’ झाला. मग तो करांवर बोलो की वांग्याच्या भरितावर. त्या पदाचे बाकी उमेदवार सात दिवसांत मागणी करू शकतात आणि तेवढाच वेळ, तितकेच श्रोते असतील अशा प्रहरी द्यावा लागतो. पहिल्याने पैसे भरले नसतील तर दुसऱ्यालाही फुकट. यादीत इतर ४५. एल्डर एक तास बोलला आणि सगळ्यांनी मागितलं तर ४५ तास. दिवसाचे २४.

तिरकस
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. रेडिओवाल्याचं तोंड बांधलं आणि न्यूसम रोज पत्रकार परिषदा घेत सगळ्या चॅनेलांवर लाइव्ह. त्याला नाही लागलं तुमचं कलम?

मध्यमलहरी
नाही लागलं, कारण त्याच कलमात चार सवलती आहेत: बातमीपत्र, बातमीची मुलाखत, बातमीचा माहितीपट, आणि घटनेचं थेट वार्तांकन. राज्यपालाची पत्रकार परिषद शेवटच्यात बसते. खुर्चीवरच्या माणसाला हा फायदा कायमच मिळतो, एवढं तुमचं मान्य. खूश?

पण तोंड बांधलं हे चूक. मुलाखतीची सवलत एल्डरलाही होती. प्रश्न काय, पाहुणा कोण, किती वेळ, हे स्टेशनच्या ताब्यात असेल तर ती बातमीची मुलाखत. उमेदवारच सूत्रधार असेल तर सवलत गेली. म्हणून आपल्या खुर्चीत बसता येत नाही, दुसऱ्याच्या पाहुण्याच्या खुर्चीत हवं तितकं बसता येतं. २००३च्या अशाच रिकॉलमध्ये नट श्वार्झनेगर उभा होता तेव्हा स्टेशनांनी त्याचे सिनेमे लावायचे टाळले, कारण सिनेमातला चेहराही ‘वापर’. त्याच सप्टेंबरात एफसीसीने (प्रसारणाचे परवाने देणारी सरकारी संस्था) हॉवर्ड स्टर्नच्या चावट गप्पांच्या रेडिओ कार्यक्रमाला मुलाखतीची सवलत दिली. हॉवर्ड स्टर्नचा! तिथे काय चालायचं ते ठाऊक असणाऱ्यांना यातली गंमत कळेल.

आणि घोटाळा झाला तो याच पाहुण्याच्या खुर्चीत. आपल्या स्टुडिओत समोर निर्माता असतो, जाहिरातीचा ब्रेक असतो, विषय आपण निवडतो. मित्राच्या कार्यक्रमात यातलं काही नाही, फक्त टाळी आहे. फाइनस्टाइनवालं वाक्य तिथूनच आलं.

तिरकस
आणि युट्यूबर? केविन पॅफ्राथ दुसरा आला ९.६ टक्क्यांनी, तो शेवटपर्यंत स्वतःच्या चॅनेलवर बडबडत होता. त्याच्याकडे कुणी मागितला होता समान वेळ?

मध्यमलहरी
मागता येतच नाही. कलम ३१५ युट्यूबला आणि पॉडकास्टला लागत नाही. लहरी जनतेच्या, म्हणून अट परवानाधारकाला. १९३४च्या कायद्याला युट्यूब माहीत नव्हतं, यात एल्डरविरुद्ध कट कुठे आला? शिवाय स्वतःचा माइक बंद असूनही त्याने पॅफ्राथच्या पाचपट मतं घेतली. तोंड ‘बांधल्याचा’ असा तोटा कुणालाही चालेल.

तिरकस
स्वतःचा माइक बंद आणि तरी पाचपट! मग पाषाणांचं ‘रेडिओने पहिला आणला’ कुठे गेलं? एकमेकांत ठरवून या.

मध्यमलहरी
१९९४पासून कानावर येत असलेला माणूस दोन महिने गप्प बसला म्हणून लोक त्याचं नाव विसरत नाहीत. ४६ नावांच्या यादीत ओळखीचं नाव हेच भांडवल. पण त्यालाही हद्द आहे. त्याचं घरचं स्टेशन ८७० एएम. दिवसा दक्षिण कॅलिफोर्नियात दणदणीत, रात्री न्यू ऑर्लिन्सच्या डब्ल्यूडब्ल्यूएलसाठी अंग चोरून बसावं लागतं, कारण फ्रीक्वेन्सी तीच आणि मान तिचा मोठा. बाकी कार्यक्रम सिंडिकेटेड, म्हणजे देशभरच्या स्टेशनांवर. टेक्सासचा श्रोता २५ डॉलर पाठवू शकतो, मत देऊ शकत नाही. रेडिओवाल्या उमेदवाराचा अंदाज इथेच चुकतो. फोनच्या सगळ्या लाइनी पेटलेल्या दिसतात, त्यातल्या किती राज्यातल्या हे बघायला कुणाला वेळ असतो?

आत्याबाई
चर्चा एल्डरची आहे की अँटेनाची?

मूळ मुद्दा कुणी काढलाच नाही. निकालाच्या आधीच त्याच्या प्रचाराच्या वेबसाइटवरून एका पानाची लिंक दिलेली होती, आणि त्या पानावर न्यूसम घोटाळ्याने टिकला असं भूतकाळात लिहिलेलं! मतदान संपलंही नव्हतं. स्वतःच्याच मतदाराला ‘तुझं मत मोजलं जाणार नाही’ असं सांगणारा उमेदवार मत कसं मिळवणार? आणि ती भोकांची बोंब. लिफाफ्याला भोकं आहेत, त्यातून ‘हो’ दिसतं, म्हणून लिफाफे फेकणार! अहो, सहीच्या रेघेच्या दोन्ही टोकांना ती भोकं असतात. नजर अधू असलेल्याला बोटाने चाचपून कळावं की सही कुठे करायची. आणि लिफाफा उघडल्यावर आत मतपत्रिका राहिली नाही ना, हे मोजणाऱ्याला दिसावं. तुमची खूण नेमकी भोकाखाली आली तर कागद उलटा घाला. पाच सेकंदांचं काम.

उंटावरचा_शहाणा
पाच सेकंदांचं काम मतदाराने का करायचं, ताई? २ कोटी २० लाख लोकांना न मागता मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. घर बदललेल्यांच्या, मेलेल्यांच्या. भोकं सोडा, हेच मुळात...

आत्याबाई
आलं परत तेच. मेलेल्याची सही जुळवून दाखवा. प्रत्येक लिफाफ्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडतात. जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. नुसता लिफाफा पोचला म्हणजे मत झालं असं वाटणाऱ्यांनी आधी तो लिफाफा तरी पाहावा.

उंटावरचा_शहाणा
आम्ही पाहिलेला नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या ज्ञानाचा अहंकार लिफाफ्यात मावायचा नाही.

बाब्या
भोकं आहेत की, थोडा बाहेर येईल.

बाकी आपल्याकडे हा प्रश्नच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाच बंदी, त्यामुळे आरजे उभा राहिला तरी आठवतील फक्त त्याचे प्रँक कॉल.

सॅक्रामेंटोकर
उंटावरचे, एल्डरने निकालाच्या रात्री हार मान्य केली आणि हरतानाही शालीनता दाखवू या असं समर्थकांना सांगितलं. ते घोटाळ्याचं पान त्याने स्वतःच मागे टाकलं. तुम्ही का उचलून फिरताय?

तिरकस यांचा ३८-३८ चा मुद्दा मात्र कुणी खोडलेला नाही. जुलैअखेर बर्कले विद्यापीठाच्या आयजीएस पोलमध्ये मतदानाची शक्यता असलेल्यांत ‘हो’ ४७, ‘नाही’ ५०. सप्टेंबरात ३८.५ आणि ६०. म्हणजे शर्यत खरोखर अटीतटीची होती आणि मधल्या सहा-सात आठवड्यांत सुटली. त्याच आठवड्यांत एल्डर यादीत आला, पुढे गेला, आणि मतपत्रिका घरोघर पोचल्या. यातलं कोणतं किती टक्क्यांना, हे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, पाषाण धरून.

कोरडे_पाषाण
चालेल, माझ्यावर नका ठेवू, २००३च्या आकड्यांवर ठेवा. तेव्हा डेमोक्रॅट राज्यपाल ग्रे डेव्हिसला काढा म्हणणारे ४९ लाख ७६ हजार, नको म्हणणारे ४० लाख ८ हजार. २०२१ला काढा म्हणणारे ४८ लाख ९४ हजार. ‘हो’ जवळपास तेवढेच! ‘नाही’ ४० लाखांवरून ७९ लाखांवर गेले. राज्य वाढलं, आणखी डेमोक्रॅट झालं, मतपत्रिका घरी आल्या, सगळं मान्य. पण पर्यायी यादीत श्वार्झनेगरला ४८.६ टक्के आणि एल्डरला ४८.४. आकडा तोच, एक राज्यपाल झाला आणि दुसरा घरी गेला. २००३ला डेमोक्रॅट्सनी उपराज्यपाल बुस्तामांतेला यादीत उभं करून स्वतःच्याच लोकांना ‘काढला तरी आपला माणूस आहे’ असा दिलासा दिला होता. २०२१ला मुद्दाम कुणी वजनदार उभा केला नाही. पर्याय म्हणून समोर एकच चेहरा ठेवला, एल्डरचा. तो यादीत पहिला असणं ही न्यूसमचीच सोय होती.

तिरकस
४८ऐवजी यापुढे २८ लिहीन, झालं समाधान? पण मग न्यूसमच्या सोयीसाठी त्याला पहिला कुणी आणला, तेही सांगा. ३५ लाख रिपब्लिकनांनीच ना? फॉल्कनर समोर होता, सॅन दिएगोचा माजी महापौर, न ओरडणारा. त्याला ८ टक्के दिले. तेव्हा रेडिओला शिव्या घालण्याआधी ऐकणाऱ्यांना घाला.

मध्यमलहरी
ऐकणाऱ्यांना शिव्या घालून रेडिओ चालत नाही, साहेब. आणि ते सात दिवस मोजायचे ते पहिल्या ‘वापरा’पासून, मागणी करणारा त्या दिवशी उमेदवार असेल तरच. खासगी निरोपात एकाने विचारलं होतं म्हणून इथेच लिहिलं.