अण्णांचं पंपिंग कमी झालंय, आता हिशेबही चुकायला लागलेत

हळदीच्या_गावची (सांगली):
माझे वडील, वय ७१. पस्तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौदा चालू असतानाच पोती, हमाली, तोलाई सगळ्याचा हिशेब तोंडीच करायचे. गेल्या वर्षी हार्ट फेल्युअर निघालं, हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलेलं. परवा दुधाचा हिशेब करायला बसले. रोजचं दीड लिटर, सत्तावीस दिवस. तीनदा मांडला, तिन्ही वेळा वेगळा आकडा. मग वही उशीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. घाटावर फिरायला जाणं तर महिन्यापासून बंदच. आई म्हणते, वय झालं. मला पटत नाही, मागच्या आठवड्यात हे इतकं नव्हतं. हृदयाचा डोक्यावर परिणाम होतो का?

सिस्टर_सातारा:
होतो ताई. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्केच, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं १५ ते २० टक्के एकटा घेतो. पंप कमी पडला की लक्ष लागणं, आकडेमोड, विचारांचा वेग हळूहळू मंदावतो. पण तुमचं ‘मागच्या आठवड्यात नव्हतं’ मला खटकतंय. लघवीची गोळी नुकतीच वाढवली होती का? त्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरलं की माणूस असाच गोंधळतो. उद्याच डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. गोळी मनाने बंद करू नका. तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं, हातातली शक्ती जाणं यातलं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका, लगेच निघा.

वाळव्याचा_पाटील:
माझ्या आईला हाच आजार आहे. ती एकच गोळी दोनदा घ्यायची, आता वारांचे खण असलेला डबा मी स्वतः भरतो. आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपणं हलक्यात घेऊ नका. या आजारात पाचातल्या साधारण एकाला डिप्रेशन येतं. आईचं आम्ही वर्षभर ‘थकवा’ म्हणून काढलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

हळदीच्या_गावची:
सिस्टर, गोळी खरंच पंधरा दिवसांपूर्वी वाढवली होती. सोडियम १२४ निघालं, बरंच कमी. चार दिवस ॲडमिट होते, आता १३३ आहे. काल वही मागून घेतली, हिशेब दुसऱ्या खेपेला जुळला. साडेचाळीस लिटर. पूर्वी हे पेन्सिल न उचलता सांगायचे. घाटावर मात्र अजून येत नाहीत, कपडे घालतात आणि उंबऱ्यातून परत फिरतात. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा पाटीलदादांनी सांगितलेलं आधी विचारते.