घर राखणारं आणि घरात रमणारं कुत्रं कसं निवडावं? (अनुभव धागा)

धागा सुरू करताना
घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा आहेत, दाराशी दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा आहे. अशा घरासाठी कुत्रं निवडताना बहुतेक जण आधी जात ठरवतात आणि तिथेच गणित चुकतं. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपली माहिती इथे द्यावी, ही विनंती. जातीचं नाव घ्याल तर ती कुणाला झेपणार नाही, हेही लिहा.

माझं मत आधीच मांडते. घराला चावणारं कुत्रं लागत नाही, कळवणारं लागतं. घरातली माणसं जागी झाली की राखण झाली. पाळलेल्या जनावराच्या बाबतीत हयगय केल्याने माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

श्वान प्रशिक्षक, पुणे
जातीपेक्षा आईबाप बघा. पिल्लू बघायला जाल तेव्हा आई समोर असलीच पाहिजे. अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकली आणि मालकाने सांगितल्यावर थांबली, तर उत्तम. ती कोपऱ्यात दबून गुरगुरत असेल तर पिल्लं कितीही गोंडस असोत, परत फिरा. भित्रेपणा पिल्लांत उतरतो, आणि भित्रं कुत्रंच जास्त चावतं.

पिल्लू सात आठवड्यांचं झालं की या चाचण्या करा. त्याच्यापासून पाच-सहा फुटांवर स्टीलची थाळी जमिनीवर टाका. दचकणं ठीक आहे, पण थोड्या वेळात कान टवकारून वास घ्यायला आलं पाहिजे. बराच वेळ लपून राहिलं तर ते राखणीचं नाही. मग हळूच उताणं करून छातीवर हात ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. थोडं धडपडून शांत होणारं पिल्लू कुटुंबासाठी चांगलं. शेवटपर्यंत चवताळून चावायला बघणारं पिल्लू अनुभवी हातातच जावं. सगळ्यांना ढकलून आधी अंगावर झेपावणारं पिल्लू लोकांना फार आवडतं, पण पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांनी मधल्या स्वभावाचं घ्यावं.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घरी आणू नका. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार त्याआधी विकताही येत नाही. भावंडांत खेळताना 'किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो' हे ते शिकतं. तो धडा चुकला की पुढे मुलांच्या हातांवर दात उमटतात.

पशुवैद्य, सांगली
जातींबद्दल थोडक्यात. जर्मन शेफर्ड हुशार आणि राखणीला पक्का, पण रोज तास-दीड तास देणारा माणूस हवा. खुब्याचा दोष या जातीत बराच आढळतो, त्यामुळे पाठ फार उतरती असलेली जोडी टाळा आणि आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. नोंदणीचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. डॉबरमनचे केस आखूड, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात तो त्यामानाने बरा राहतो. मात्र त्याला माणसांच्या पायाशीच राहायचं असतं, बाहेर बांधला की बिघडतो. हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार या जातीत आहे, म्हणून चार वर्षांनंतर दरवर्षी हृदय तपासून घ्या. रॉटवायलर म्हणजे चाळीस-पन्नास किलोची ताकद. घरातल्या सगळ्यांत हलक्या माणसाला त्याचा पट्टा धरता येत नसेल तर नकोच. लॅब्राडॉर भुंकून कळवेल आणि मग पाहुण्याचं स्वागत करेल. पुष्कळ घरांना एवढंच पुरतं. हस्की आणि सेंट बर्नार्ड इथल्या उन्हात आणू नका, त्या जिवाचे हाल होतात.

लशी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना, पुढे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला. कोकणात आणि जिथे उंदीर, साचलेलं पाणी आहे तिथे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस दरवर्षी पावसाळ्याआधी द्या. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी.

मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमच्या गोळ्या आणि बाटल्या आपल्या मनाने देऊ नका. चांगलं तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियम दिलं की हाडं बळकट होत नाहीत, वाढच वाकडी होते. नुसती दूध-पोळी हेही पिल्लाचं जेवण नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात.

गोचिडांसाठी दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून टोचण्याची पद्धत गावोगाव आहे. कॉली ही मेंढपाळ जात आणि तिच्या संकरातल्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं. गोचीड तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या होतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्तातल्या प्लेटलेट तपासा. एर्लिकियाचं (गोचिडातून येणाऱ्या जंतूंचं) निदान झालं तर डॉक्सिसायक्लिन साधारण अठ्ठावीस दिवस द्यावं लागतं. चार दिवसांत तरतरी आली म्हणून बंद केलं की दुखणं उलटतं.

कारवानी पाळणारे, जत
आमच्या भागातली कारवानी अनेकांना राखणीला हवी असते. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. लांब केसांची ती पश्मी. ही जात मुळात शिकारीची, डोळ्यांनी सावज हेरून धावणारी. परक्या माणसाला ती अंगाला हात लावू देत नाही आणि रात्री हालचाल लगेच टिपते. पण हललं की धावायचं हे रक्तातच असल्याने शेजाऱ्याची कोंबडी, मांजर, सायकलवरचं पोरगं, सगळ्यांच्या मागे लागते. कुंपण सहा फुटांचं हवं. रोज मोकळं पळायला बंदिस्त रान हवं. ते नसेल तर कारवानी घेऊ नका, कोंडून तिचं नुकसान होतं.

अंगावर चरबी नसते, म्हणून थंडीत गोणपाट किंवा गोधडी लागतेच. बरगड्या दिसतात म्हणून खुराक वाढवू नये, शेवटच्या दोन-तीन दिसल्याच पाहिजेत. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात.

मळ्यात राहणारे, जुन्नर
उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे. इथे कोणत्याही जातीचं, कितीही दांडगं कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधणं म्हणजे त्याला मरायला ठेवणं. बांधलेल्याला पळताही येत नाही.

अंधार पडायच्या आत कुत्रं घरात घ्या. घरात जागा नसेल तर सहा बाय दहा फुटांचा पिंजरा भिंतीला लागून बांधा. खाली कोबा, चारी बाजूंनी आणि वरूनही जाड तारेची जाळी. वरची बाजू उघडी ठेवतात तिथेच घात होतो. दाराला नुसती कडी नको, खिट्टी आणि कुलूप दोन्ही लावा. उसाकडची बाजू पत्र्याने झाका, म्हणजे कुत्रं बिबट्याच्या नजरेला पडत नाही. गळ्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, त्याने पहिली पकड चुकू शकते, पण त्याच्या भरवशावर बाहेर ठेवू नये. कुत्र्याने आतून आवाज दिला तरी राखण होते. आवाज आला की आधी बाहेरचा दिवा लावा, मगच दार उघडा, आणि एकट्याने जाऊ नका.

फ्लॅटमधून, ठाणे
फ्लॅटला शेफर्ड लागत नाही. बाजारात पॉमेरेनियन म्हणून मिळतं ते बहुधा इंडियन स्पिट्झ असतं. लहान चणीचं, आणि जिन्यातल्या पावलांवर कान ठेवणारं. त्याचा दोष एकच, भुंकणं थांबवायला पहिल्या महिन्यापासून शिकवावं लागतं.

पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारा ठराव सोसायटीला करता येत नाही, अशी पशुकल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तरी परवाना, रेबीजचा दाखला आणि घाण उचलायची पिशवी ही आपली जबाबदारी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुलसह २३ जातींवर बंदीसाठी राज्यांना पत्र पाठवलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. महापालिकेचे नियम वेगळे असू शकतात, पिल्लू घेण्याआधी कार्यालयात विचारा.

दत्तक देण्याचं काम करणारी, नाशिक
देशी कुत्र्याचा विचार आधी करा, असं मी मनापासून सांगते. पंधरा-वीस किलोचं अंग, उन्हाची सवय, कान सतत जागे. राखणीचा स्वभाव दीड-दोन वर्षांनी पक्का होतो, म्हणून दोन-तीन वर्षांचं मोठं कुत्रं घेण्यात फायदा आहे. मुलांशी, मांजरांशी ते कसं वागतं हे आधीच दिसतं.

रस्त्यावरून पिल्लू उचललंत तर दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, फिनाइलने जात नाही. आधी जागा धुऊन घ्या, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं राहू द्या. आपल्या घरात आधी पार्व्हो होऊन गेला असेल तर लस पूर्ण झालेलंच कुत्रं आणा.

नसबंदीने राखण कमी होत नाही. भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात, कुत्रं घराजवळ राहतं.

श्वान प्रशिक्षक, पुणे (पुन्हा)
वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पिल्लाला माणसांवर 'छू' लावणं ताबडतोब बंद करा. गंमत म्हणून भंगारवाल्यावर, पोस्टमनवर सोडलेलं पिल्लू वर्षभराने पाहुण्यात आणि चोरात फरक करत नाही. उलट वाटेल, पण तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात जितकी जास्त माणसं त्याने शांतपणे पाहिली असतील, तितकं मोठेपणी खरोखर वेगळं काय ते त्याला कळतं. लशी पूर्ण व्हायच्या असतील तर जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा: छत्रीवाले, टोपीवाले, काठी टेकणारे, गणपतीचे ढोल लांबून.

बेलचा सराव असा: बेल वाजली, तीन-चार वेळा भुंकू द्या, 'बास' म्हणा आणि नाकासमोर खाऊ धरा. वास घ्यायला तोंड मिटतं त्या क्षणी खाऊ द्या. मग दारापासून सहा फुटांवरच्या चटईवर 'जागेवर'. दिवसातून पाच-सहा वेळा, घरातल्याच माणसाने बेल वाजवून. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा.

गुरगुरल्याबद्दल मारू नका. ती सूचना आहे; ती दाबली की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रं मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवू नका, मग कुत्रं कितीही गरीब असो.

पशुवैद्य, सांगली (पुन्हा)
राखणीच्या कुत्र्याला विषापासून कसं जपावं, याबद्दलही लिहितो. चोर मांसातून विष टाकतात, पण शेतावर थिमेट हे कीटकनाशक आणि उंदराचं औषध यांनीही कुत्री जातात. 'नको' शिकवताना अनोळखी माणसाच्या हातून जमिनीवर खाऊ टाकायला लावा, कुत्र्याने तुमच्याकडे पाहिलं की तुमच्या हातून त्याहून चांगला घास द्या. जेवण कायम त्याच्याच भांड्यात. थिमेटने लाळ गळते, स्नायू थरथरतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, झटके येत असतील तर ते फुप्फुसात जातं. अंगाला लागलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा, थेट दवाखाना गाठा आणि सापडलं तर औषधाचं पाकीट सोबत न्या, म्हणजे कोणता उतारा द्यायचा हे लगेच ठरतं.